खटला गाण्यावर नको, हिशेबावर भरा

अमेरिकेत बालगायक म्हणून गाजलेला ॲरन कार्टर ५ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर इथल्या राहत्या घरी वारला, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. बातमी आली, हळहळ झाली आणि पाठोपाठ निवाडाही आला. निवाडा नेहमीचाच: बाराव्या वर्षी पोराच्या तोंडी बाजारू गाणी घातली, ती आठ-दहा वर्षांच्या पोरींच्या गळ्यात मारली आणि अखेर त्या गाण्यांनीच त्याचा बळी घेतला. मराठीत हा निवाडा सांगताना त्याला एक शेपूटही चिकटवलं जातं. तिकडे हे असंच चालायचं, आपल्याकडची मुलं बघा, काय सुरेख अभंग म्हणतात!

यातली हळहळ खरी आहे. बाकीचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. भलत्याच आरोपीला पिंजऱ्यात उभं केलं की खरा आरोपी मागच्या दाराने निघून जातो. ॲरनच्या बाबतीत तेच झालं आणि आपल्याकडच्या गाणाऱ्या मुलांच्या बाबतीत रोज होतंय.

आधी ही गाणी ज्या अल्बममधली, त्याच्याकडे जाऊ. गंमत अशी की त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बहुतेकांनी तो ऐकलेला नसतो. ‘ॲरन्स पार्टी (कम गेट इट)’ हा अल्बम जाइव्ह रेकॉर्ड्सने २६ सप्टेंबर २००० रोजी बाजारात आणला. ॲरनला तेरावं लागायचं होतं. जाइव्ह म्हणजे ब्रिटनी स्पिअर्स, बॅकस्ट्रीट बॉइज आणि एनसिंक या तिघांना एकाच वेळी पोसणारी कंपनी, आणि ॲरनचा थोरला भाऊ निक हा बॅकस्ट्रीट बॉइजमधला. पोरगा काही आकाशातून पडला नव्हता. १९९७ पासून तो भावाच्या कार्यक्रमाआधी रंगमंचावर येत होता आणि त्याचा पहिला अल्बम अमेरिकेच्याही आधी युरोपात निघाला होता. ‘ॲरन्स पार्टी’ बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला आणि अमेरिकेत त्याला तिहेरी प्लॅटिनम मिळालं, म्हणजे तीस लाख प्रती. डिस्ने चॅनल आणि निकलोडियन या मुलांच्या वाहिन्या पाठीशी होत्या. बाजार कुठला, गिऱ्हाईक कोण, त्याच्या खिशात किती आणि त्याच्या आईच्या पर्समध्ये किती, हे सगळं आधी मोजून मगच माल काढलेला होता.

धंदा होता, हे कुणी नाकारत नाही. पण मुलांसाठी निघालेली पुस्तकंही धंदाच करतात. मालाच्या मागे हिशेब आहे म्हणून माल खोटा ठरत नाही. माल खोटा आहे का, हे मालाकडे बघूनच ठरवावं लागतं.

शीर्षकगीत घ्या. आईबाप बाहेर गेलेत. पोरगा घरी पार्टी ठेवतो. बोलावलेले येतात, न बोलावलेलेही येतात. घर भरतं, आणि कुणीतरी आईच्या नव्याकोऱ्या उशांवर ज्यूस सांडतं. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असतं आणि तेच होतं, आईबाप परततात, शिक्षा होते. एवढीच गोष्ट, अर्धी बोलत आणि अर्धी गात सांगितलेली. यात दारू नाही, सिगारेट नाही, मोठ्यांच्या पार्टीची नक्कल नाही. संकट कुठलं, तर उशीवरचा डाग. चाळिशीतल्या समीक्षकाला हे क्षुल्लक वाटणारच. पण दहा वर्षांच्या मुलाला विचारा, आईच्या नव्या उशीवर डाग पडलाय आणि दाराची किल्ली फिरल्याचा आवाज आलाय, तेव्हा पोटात काय होतं. त्या वयातली भीती आणि त्या वयातली चैन एकाच गाण्यात बसवणं हे कसब आहे. वाटतं तितकं ते सोपं नाही.

मग शकील ओनीलवरचं गाणं. ओनील तेव्हा लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाचा खांब होता. उंची सात फूट एक इंच, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये लेकर्सने अजिंक्यपद जिंकलेलं. या माणसाला बारा वर्षांचा पोरगा बास्केटबॉलमध्ये समोरासमोर हरवतो. फुशारक्या मारत सगळा सामना सांगतो आणि मग जागा होतो. स्वप्नच होतं म्हणायचं? पण खोलीत ओनीलच्या नावाची जर्सी कशी आली? या गाण्याला पोकळ बढाई म्हणणाऱ्यांनी आपल्या आजीच्या गोष्टी आठवाव्यात. ठेंगणा राक्षसाला हरवतो आणि शेवटी उशाशी काहीतरी खूण राहते, ही जगातल्या सगळ्या आज्यांची युक्ती आहे. ओनील स्वतः व्हिडिओत येऊन पोरासोबत ही थट्टा खेळला हे त्याचं मोठेपण. आजच्या किती खेळाडूंना बारा वर्षांच्या पोराकडून हरलेलं दाखवून घ्यायला आवडेल, कोण जाणे.

टीकाकारांच्या हाती खरं शस्त्र एकच लागतं, ‘आय वाँट कँडी’. या गाण्यातली कँडी ही मुळात गोळी नाही, मुलगी आहे. १९६५ मध्ये हे गाणं ‘द स्ट्रेंजलव्हज’ या बँडने गायलं. आम्ही ऑस्ट्रेलियातले मेंढपाळ भाऊ आहोत अशी थाप मारणारे ते तिघे प्रत्यक्षात न्यूयॉर्कचे गीतकार-निर्माते होते. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनच्या ‘बाउ वाउ वाउ’ने ते पुन्हा गाजवलं. म्हणजे ॲरनच्या तोंडी आलेलं गाणं मोठ्यांचं होतं, मान्य. पण ‘बाउ वाउ वाउ’ची गायिका ॲनाबेला ल्विन बँडमध्ये आली तेव्हा तेरा वर्षांची होती. माल्कम मॅक्लारेन या व्यवस्थापकाने तिला चौदाव्या वर्षी, एका प्रसिद्ध फ्रेंच चित्राची नक्कल म्हणून, अल्बमच्या मुखपृष्ठासाठी विवस्त्र बसवलं. तिच्या आईने पोलिसांत धाव घेतली. आणि संगीताच्या इतिहासात त्या बँडची नोंद कशी होते? धाडसी, प्रयोगशील, काळाच्या पुढची. ॲरनने तेच गाणं बर्म्युडा-टीशर्टच्या वयात, आपल्या भावाला व्हिडिओत घेऊन, गोळ्या-चॉकलेटाच्या चवीने गायलं, तर तो बाजारू. मुलाचं शोषण जिथे उघड्या डोळ्यांना दिसत होतं तिथे कलेचं लेणं चढवलं, आणि जिथे गाणं निरागस झालं तिथे नाक मुरडलं. ही रुचीची पारख नव्हे, नुसती तोऱ्याची सवय आहे.

दुसरा आक्षेप आवाजाचा. पोराला गळा नव्हता, स्टुडिओने गाणं घडवलं, असं म्हणतात. गळा साधाच होता, हे खरं. नाकात येणारा, पातळ, आणि थोड्याच दिवसांत फुटणार हे ऐकू येणारा आवाज. म्हणून तर गाण्यांत इतकं बोलणं आहे आणि धृपदात मागचे आवाज इतके जाड लावले आहेत. पण असा आवाज त्या श्रोत्यांसाठी दोष नव्हता, सोय होती. अलौकिक गळ्याचं मूल गातं तेव्हा बाकीची मुलं गप्प बसतात. वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाकडे बघावं तसं बघतात. साध्या गळ्याचं मूल गातं तेव्हा सगळी सोबत गातात, कारण ते आपल्यालाही जमेल असं वाटतं आणि ते खरोखर जमतं.

बालगायकांचे दोन प्रकार असतात आणि सगळा घोळ या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो. एक मूल मोठ्यांसाठी गातं आणि दुसरं मुलांसाठी. कार्डिफची शार्लट चर्च बारा वर्षांची असताना, १९९८ मध्ये, तिचा ‘व्हॉइस ऑफ ॲन एंजल’ निघाला. धार्मिक रचना, अभिजात गाणी, देवदूताचा आवाज. ती तबकडी दहा वर्षांच्या मैत्रिणींनी विकत घेतली नव्हती, आजी-आजोबांनी घेतली होती. तिच्यावर कुणी बाजारूपणाचा आरोप केला नाही. उलट, बघा, मुलं किती उच्च गाऊ शकतात, असं कौतुक झालं. त्या उच्चपणाने तिला वाचवलं का? २०११ मध्ये ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांच्या वागणुकीवरच्या लेव्हसन चौकशीसमोर तिने साक्ष दिली. तेरा वर्षांची असताना रूपर्ट मर्डॉक यांच्या लग्नात गाण्यासाठी एक लाख पौंड घ्यायचे की त्यांच्या वृत्तपत्रांची मेहेरनजर घ्यायची असा पर्याय आपल्यापुढे ठेवला गेला आणि आपल्या व्यवस्थापकांनी मेहेरनजर घ्यायला लावली, असं तिने सांगितलं. मर्डॉक यांच्या बाजूने हे नाकारण्यात आलं. ते असो. पण वृत्तपत्रांनी तिच्या वयात येण्याचा जो तमाशा मांडला, त्याबद्दल तिने त्याच साक्षीत जे सांगितलं ते वाचून कुठल्याही बापाची मान खाली जाईल.

त्याहून जुनं उदाहरण फ्रँकी लायमनचं. ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ हे १९५६ चं गाणं, गाणारा तेरा वर्षांचा. हे गाणं आज रॉकच्या इतिहासातलं रत्न मानलं जातं आणि त्याचा बँड १९९३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या गळ्याला कुणी साधा म्हणणार नाही. हा फ्रँकी फेब्रुवारी १९६८ मध्ये हार्लेममध्ये आजीच्या घरी न्हाणीघरात मेलेला सापडला. हेरॉइन. वय पंचवीस. त्या गाण्याच्या श्रेयात कंपनीवाल्यांची नावं शिरली होती आणि कोण खरा रचनाकार यावरून नव्वदच्या दशकापर्यंत कोर्टकचेऱ्या चालल्या. आता बाजारू गाण्यांनी ॲरनला मारलं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, फ्रँकीला कोणत्या गाण्यांनी मारलं? रत्नांनी?

आणि उलटं उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. स्टीव्ही वंडर. १९६३ मध्ये मोटाउनने त्याचा जो थेट कार्यक्रमाचा अल्बम काढला त्याच्या नावातच ‘बारा वर्षांचा अलौकिक मुलगा’ अशी जाहिरात होती, आणि तो पहिल्या क्रमांकावर गेला. याहून भडक बाजार कुठला? पण स्टीव्हीची शिकवणी घेणारा मास्तर दौऱ्यात त्याच्यासोबत असे, आणि कमाई विश्वस्त निधीत जमा होत असे. १९७१ मध्ये तो एकवीस वर्षांचा झाला तेव्हा तो पैसा त्याच्या हाती आला आणि त्याने मोटाउनशी स्वतःच्या अटींवर नवा करार केला. सत्तरच्या दशकातले त्याचे महान अल्बम त्यानंतरचे आहेत. मोटाउन काही धर्मादाय संस्था नव्हती, आणि एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही हेही मला कळतं. तरी लायमन आणि वंडर शेजारी ठेवले की नजर गाण्यावरून हटते आणि वहीखात्याकडे वळते. तिथेच ती वळायला हवी.

तर ॲरनचं वहीखातं. सुरुवातीला त्याचं काम बघणारा माणूस लू पर्लमन, ऑरलँडोचा. बॅकस्ट्रीट बॉइज आणि एनसिंक त्यानेच उभे केलेले, आणि दोघांनीही पुढे त्याच्यावर फसवणुकीचे दावे लावलेले. २००२ मध्ये ॲरनच्या बाजूनेही दावा झाला. पहिल्या अल्बमची रॉयल्टी मिळाली नाही, असा. हा पर्लमन पुढे गुंतवणूकदारांच्या कोट्यवधी डॉलरच्या फसवणुकीत सापडला, २००८ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तो तुरुंगातच मेला. २००३ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ॲरनने आईच्या ताब्यातून कायदेशीर मोकळीक मागितली. आईच त्याची व्यवस्थापक होती आणि मुद्दा पैशाचाच होता. नंतर मायलेकांत समेट झाला. २०१३ मध्ये, पंचविशीत, त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर वीस लाख डॉलरहून जास्त देणं होतं आणि त्यातला मोठा वाटा २००३ च्या कमाईवरच्या थकलेल्या कराचा. म्हणजे ज्या वर्षी तो कायद्याने अज्ञान होता, स्वतःची सही करू शकत नव्हता, त्या वर्षाचा कर भरायचं इतर कुणीतरी विसरलं आणि बिल सज्ञान झालेल्या मुलाच्या नावावर आलं.

आता सांगा, या सगळ्यात उशीवर सांडलेल्या ज्यूसचा दोष काय?

त्याच्या पुढच्या आयुष्यात व्यसनं होती, मनाचे आजार होते, भावंडांची भांडणं चव्हाट्यावर होती. त्या सगळ्याला पैसाच कारण, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. मरणाच्या तपशिलातही मला शिरायचं नाही, ते कोरोनरच्या अहवालात आहे आणि तिथेच राहू द्यावं. एवढंच म्हणतो की गाण्यांवर दोष टाकण्यात एक सोय आहे. गाण्यांना वकील नसतो. गाणी मानहानीचा दावा लावत नाहीत. कंपनी, व्यवस्थापक, पालक, करसल्लागार यांच्यावर बोट ठेवायचं तर कागद वाचावे लागतात, आणि अभिरुचीवर चार ओळी खरडायला कागद लागत नाहीत.

अमेरिकेला हा धडा नवा नव्हता. १९२१ च्या ‘द किड’मध्ये चॅप्लिनसोबत दिसलेला जॅकी कूगन लाखो डॉलर कमावून मोठा झाला आणि सज्ञान झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र बापाने सगळं उडवलं. १९३८ मध्ये त्याने दावा लावला. हाती आले ते सव्वा लाखाच्या आसपास. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्या कायद्यालाही इतक्या पळवाटा होत्या की मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता, आईबापांची नव्हे, आणि पंधरा टक्के रक्कम बंद खात्यात जायलाच हवी, असं स्पष्ट लिहायला २००० साल उजाडावं लागलं. ‘ॲरन्स पार्टी’ निघाला तेच साल. फरक इतकाच की ॲरनचं घर फ्लोरिडाचं.

आता ते शेपूट. आपल्याकडची मुलं.

‘सारेगमप लिटल चॅम्प्स’चं २००८-०९ चं पर्व ज्यांनी पाहिलं त्यांना मी काय सांगू? कार्तिकी, प्रथमेश, आर्या, मुग्धा, रोहित यांची गाणी लागली की रस्ते ओस पडायचे. मीही टीव्हीसमोरून हललो नाही. गाणं सुंदर होतं यात वाद नाही. पण त्या गाण्यांची यादी डोळ्यांसमोर आणा. अभंग, नाट्यपदं, भावगीतं, लावणी, जुनी चित्रपटगीतं. यातलं किती मुलांसाठी होतं? मोठ्यांची गाणी, मोठ्यांचे परीक्षक, मोठ्यांचे एसेमेस, मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी. ही सगळी शार्लट चर्चच्या जातीची मुलं. त्यांच्या बळावर ॲरनला नावं ठेवणं म्हणजे कीर्तनकाराला पुढे करून क्रिकेटपटूला हिणवण्यासारखं आहे.

आणि सगळीकडे अभंगच असतात असंही नाही. कुठल्याही शाळेचं स्नेहसंमेलन बघा. चौथीतली पोरगी नऊवारी नेसून, कमरेवर हात ठेवून, बाईंनी तालमीत घोटून घेतलेली भुवई उडवते आणि मागच्या रांगेतून शिट्टी येते. शिट्टी मारणारा तिच्या मैत्रिणीचा बाप असतो. ती लावणी बाईच्या विरहाची किंवा बाईच्या छेडाछेडीची असते आणि पोरीला त्यातलं अक्षर कळत नसतं. कुणाला गैर वाटत नाही, कारण परंपरा आहे. तीच पोरगी स्टेजवर येऊन, माझ्या घरी पार्टी होती आणि उशीवर ज्यूस सांडला, असं गायली असती तर आपणच म्हटलं असतं, हे काय पाश्चात्त्य थेर!

खरी अडचण अशी आहे की तिला तसं गायला मराठीत गाणंच नाही. आपली बालगीतं गोड आहेत आणि मी त्यांच्यावर वाढलोय. पण ‘नाच रे मोरा’ १९५३ च्या ‘देवबाप्पा’तलं, शब्द गदिमांचे, चाल पुलंची आणि आवाज आशाबाईंचा. मुलासाठी मोठ्यांनी गायलेलं मोठ्यांचं कौतुक आहे ते. मीना खडीकरांनी स्वतःच्या मुलांकडून, रचना आणि योगेशकडून, बालगीतं गाऊन घेतली ही मोठीच गोष्ट होती, आणि ती गाणी अजून बालवाड्यांत वाजतात. बालवाड्यांतच वाजतात, हाच मुद्दा आहे. सातव्या वर्षानंतर मूल मोर, ससा आणि चॉकलेटचा बंगला सोडतं आणि थेट अजय-अतुलच्या प्रेमगीतावर जाऊन पडतं. मधे काही नाही. पुस्तकांत या वयाची सोय ताम्हनकरांनी गोट्या आणि चिंगी लिहून केली, भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहून केली. गोट्या-फास्टर फेणे वाचून मोठा झालेला माणूस ॲरनच्या गाण्याला उथळ म्हणतो तेव्हा मला हसू येतं. शकील ओनीलला हरवून जर्सी घेऊन येणारा पोरगा आणि दरोडेखोरांना पकडून ‘ट्टॉक्’ करणारा बनेश फेणे एकाच गल्लीतले. फेण्याला गाणं मिळालं नाही, हे आपलं नुकसान.

या वयाच्या श्रोत्यांबद्दल, त्यातही मुलींबद्दल, जी तुच्छता असते तिचा इथे उल्लेख करायलाच हवा. ॲरनच्या कार्यक्रमांना किंचाळणाऱ्या मुली असायच्या, म्हणून ते संगीत नव्हे, असा सूर अजून ऐकू येतो. १९६४ मध्ये बीटल्सच्या कार्यक्रमांतही मुलीच किंचाळत होत्या, आणि तेव्हाच्या शहाण्यांनी तेव्हाही हेच म्हटलं होतं.

असो, वहीखात्याकडे परत येतो, आपल्या. आपल्याकडे बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी, पण दृक्श्राव्य मनोरंजनात कलाकार म्हणून काम करायला अपवाद. अपवादाच्या अटी २०१७ च्या नियमांत आहेत आणि त्या चांगल्या आहेत. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही. शाळा बुडवायची नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. मुलाच्या मनाविरुद्ध काम नाही. आणि मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत, मुलाच्या नावावर मुदत ठेवीत, जी त्याला सज्ञान झाल्यावर मिळावी.

वीस टक्के. उरलेल्या ऐंशीबद्दल नियम गप्प आहे. तरी वीस तर वीस. पण गाण्याच्या स्पर्धा, जाहिराती, मालिका यांवर आपण मराठीत जे लिहितो त्यात मुदत ठेवीचा हा विषय तुम्ही शेवटचा कधी वाचला? परीक्षक कसे रडले यावर रकाने भरतात. मुलाने हरकत कशी घेतली यावर चर्चा होते. पहाटेपर्यंत चाललेल्या चित्रीकरणात ते मूल किती वाजता झोपलं आणि धनादेश कुणाच्या नावाने निघाला, हे विचारणं अरसिकपणाचं मानलं जातं.

आणि आता तर निर्माताही लागत नाही. बापाच्या हातात मोबाइल असतो, पोरगी गाते, आई कमेंटांना हात जोडणारी चिन्हं टाकते. चॅनल आईबापांच्या नावावर, जाहिरातीचे पैसे आईबापांच्या खात्यात. इथे पाच तास कोण मोजणार आणि परवानगी कुणाकडे मागणार? बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये समाजमाध्यमांनाही आपल्या मार्गदर्शक सूचनांच्या कक्षेत आणलं, पण सूचना त्या सूचना. अमेरिकेत इलिनॉय राज्याने, आईबापांच्या व्हिडिओंत झळकणाऱ्या मुलांचा वाटा राखून ठेवायला लावणारा कायदा केला, तो जुलै २०२४ पासून लागू आहे. म्हणजे ज्यांच्या संस्कृतीला आपण बाजारू म्हणतो ते निदान बाजाराचा हिशेब मागायला शिकले. ठेचा खाऊन शिकले, पण शिकले.

इथे एक प्रामाणिक आक्षेप उरतो आणि तो मी टाळणार नाही. मुलांनी व्यावसायिक गाणंच का गावं? बारा वर्षांच्या मुलाने दौरे का करावेत? फ्रान्समध्ये जॉर्डी नावाचा चार वर्षांचा मुलगा १९९२ मध्ये गाण्यांच्या यादीत पहिला आला आणि मग त्याच्या शोषणाच्या काळजीने तिथल्या प्रसारमाध्यमांनी त्याला दूर ठेवलं. चार वर्षांच्या मुलाबाबत मीही तेच केलं असतं. बाराव्या वर्षाबाबत मला असं सरसकट बंदीचं उत्तर पटत नाही. त्या वयाच्या मुलांना त्या वयाचा आवाज ऐकायचा असतो. चाळिशीतली बाई लाडिक आवाज काढून गायली तर ती त्यांना लगेच ओळखू येते. आवाज हवा असेल तर कुणातरी मुलाने गायलं पाहिजे, आणि गायलं तर त्याला पैसे मिळाले पाहिजेत, आणि मिळाले तर ते त्याचेच राहिले पाहिजेत. यातली पहिली दोन वाक्यं सगळ्यांना मान्य असतात. भांडण तिसऱ्यावर आहे, आणि तिथेच आपण अभिरुचीचा विषय काढून पळ काढतो.

सुषमा श्रेष्ठ यांचं नाव या संदर्भात मला घ्यावंसं वाटतं. सत्तरच्या दशकात हिंदी आणि मराठीतला मुलांचा आवाज म्हणजे त्यांचाच. पुढे त्याच पूर्णिमा या नावाने नव्वदच्या दशकात पार्श्वगायिका म्हणून उभ्या राहिल्या. लहानपणी गाणारं मूल मोठेपणी उद्ध्वस्तच होतं हा नियम नाही, हे सांगायला हे एक नाव पुरेसं आहे. ॲरनच्या शोकांतिकेला विधिलिखित समजून सुस्कारे टाकणं म्हणूनच मला आळशीपणाचं वाटतं.

तेव्हा ‘ॲरन्स पार्टी’वर माझा निकाल असा: आपल्या श्रोत्यांचं वय ओळखून, त्यांना न फसवता, त्यांना मोठं व्हायची घाई न लावता केलेला अल्बम. महान नाही. दोन-तीन गाणी भरतीची आहेत आणि काही ठिकाणी वाद्यमेळ आता कानाला टोचतो. पण मराठीत असा एक जरी अल्बम निघाला, आठवी-नववीच्या आतल्या पोरांनी पोरांसाठी गायलेला, सायकल पंक्चर झाल्याची आणि ट्युशन बुडवल्याची गाणी असलेला, तर तो पहिल्यांदा मी विकत घेईन.

आणि त्यात गाणारं मूल तुमच्या ओळखीचं निघालं, किंवा उद्या तुमच्या सोसायटीतली पोरगी एखाद्या स्पर्धेत निवडली गेली, तर पेढे जरूर खा. मग तिच्या आईबापांना बाजूला घेऊन विचारा की मुदत ठेवीची पावती कुणाच्या नावावर आहे. त्यांना राग येईल. तरी विचारा.